महत्त्वाकांक्षा मोजायची तर नोंदी पाहा

‘तुम्ही किती महत्त्वाकांक्षी आहात?’ ही रविवारच्या पुरवणीतील वीस प्रश्नांची चाचणी वाचली. ‘मला मोठी जबाबदारी आवडते’ अशा विधानाला पाचपैकी गुण देताना माणूस स्वतःची प्रतिमा मोजतो, जिद्द नव्हे. पगारवाढीच्या आठवड्यात एक उत्तर येते, साहेबांची बोलणी खाल्ल्यावर दुसरेच.

मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी लोक स्वतःबद्दल काय सांगतात यापेक्षा ते काय निवडतात याला महत्त्व दिले. खुंटीवर कडी फेकण्याच्या खेळात यशाची ओढ तीव्र असलेले लोक अगदी जवळून किंवा फार लांबून नव्हे, तर मधल्या अंतरावरून फेकतात, असे त्यांना आढळले.

घरी करायची तपासणीही याच धर्तीवर हवी. मागच्या तीन महिन्यांची कामे कॅलेंडर आणि ईमेल उघडून लिहावीत. आठवणीवर विसंबू नये, कारण गाजलेली कामेच तेवढी आठवतात. प्रत्येक कामापुढे ते सोपवलेले, मागून घेतलेले की कोणी न सांगता सुरू केलेले, हे नोंदवावे. शेवटच्या दोन प्रकारांतली किती तडीस गेली, हा खरा आकडा. भरपूर सुरू आणि थोडे पूर्ण, म्हणजे हौस आहे, चिकाटी कमी. उशिरापर्यंत थांबण्याचे तास मात्र यात धरू नयेत. ते बहुधा कामाच्या वाटपातला गोंधळ दाखवतात.

– एक वाचक