क्रिस्टल ओळखायला शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

फोनवर आभार मानले की तुम्ही "अगं, त्यात काय!" म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

पुण्यातली पीएचडी सांभाळून सुट्टीत नाशिकला घरी आलात की तुम्ही आमच्या डिपार्टमेंटला यायचात. प्रोटीनचा क्रिस्टल वाढवून त्यावर एक्स-रे टाकले की प्रोटीनची रचना कळते, पण आमच्याकडे ना एक्स-रे मशीन, ना थेंब लावणारा रोबोट. त्याबद्दल तुम्ही कधी हळहळला नाहीत. अंड्याच्या पांढऱ्यातलं लायसोझाइम हे प्रोटीन, मीठ, अ‍ॅसिटेट बफर (पीएच म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण), २४ खणांची प्लेट आणि ग्रीस, एवढ्यावर सुरुवात केलीत.

हँगिंग ड्रॉप (लटकत्या थेंबात क्रिस्टल वाढवायचा प्रकार) आम्ही वाचला होता, पण हाताला ठाऊक नव्हता. कव्हरस्लिपवर १ मायक्रोलिटर प्रोटीन, त्यात खणातलं १ मायक्रोलिटर द्रावण, मग काच उलटी करून ग्रीसवर अलगद टेकवायची. खणात मीठ जास्त, थेंबात निम्मं. त्यामुळे थेंबातलं पाणी वाफ होऊन हळूहळू खणाकडे जातं आणि प्रोटीन दाटत जातं. घाई झाली की क्रिस्टलऐवजी पांढरा गाळ. मीठ ४ ते ८ टक्के आणि पीएच साडेचारच्या आसपास थोडाथोडा बदलत आम्ही अख्खी प्लेट लावायचो. डिसेंबरात निफाडकडचा गारठा इथेही उतरतो, दुपारी ऊन चटकतं. थंडीत लायसोझाइम कमी विरघळतं, मग बारीक क्रिस्टलांचा नुसता सडा पडतो. प्लेट थर्मोकोलच्या खोक्यात ठेवायची युक्ती तुमचीच.

पण माझे खरे आभार त्यानंतरच्या प्रश्नासाठी आहेत. थेंबात काही चमकलं की तुम्ही विचारायचात, "हे प्रोटीनच कशावरून?" पोलरायझरखाली (प्रकाश एकाच दिशेत गाळणाऱ्या काचेखाली) लायसोझाइम उजळतं, फिरवलं की विझतं, साधं मीठ उजळतच नाही. तरी तेवढ्यावर तुमचं समाधान नसायचं, कारण दुसरे क्षार उजळतात. मग मिथिलीन ब्लू हा निळा रंग. प्रोटीनच्या क्रिस्टलमध्ये साधारण निम्मं द्रावणच असतं, त्या वाटांनी रंग आत शिरतो आणि क्रिस्टल गडद निळा होतो. शेवटी सुई: क्षाराचा खडा कडक, प्रोटीनचा लगेच भुगा. इतक्या निगुतीने वाढवलेला क्रिस्टल मोडायला जीव होत नसे, पण तुम्ही मोडायला लावलात ते बरं केलंत.

कॉम्प्युटरवरही तोच प्रश्न. प्रोटीन डेटा बँक (प्रोटीनच्या रचनांचा संग्रह) १९७१ मध्ये ७ रचनांवर सुरू झाली, आज तिथे २ लाखांहून अधिक आहेत आणि सगळ्या फुकट बघता येतात. पायमॉल या रचना दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली रंगीत चित्रं पाहून आम्ही हरखलो, तेव्हा तुम्ही कूट हे दुसरं सॉफ्टवेअर उघडून इलेक्ट्रॉन डेन्सिटीचा नकाशा, म्हणजे एक्स-रेच्या मोजमापांतून मिळालेला पुरावा, दाखवलात. लायसोझाइमच्या अमिनो आम्लांपैकी ग्लुटामेट ३५ आणि अ‍ॅस्पार्टेट ५२ त्यात नीट बसलेले, आणि पृष्ठभागावरच्या एका लायसिनच्या टोकाला डेन्सिटीच नाही. तिथले अणू कुणीतरी अंदाजाने बसवलेत, हे त्या दिवशी कळलं. मग रिझोल्यूशन (नकाशा किती बारीक आहे ते), आर-फ्री (मॉडेल बाजूला ठेवलेल्या मोजमापांशी किती जुळतं ते), मद्रासमध्ये रामचंद्रन यांनी १९६३ साली मांडलेला, प्रोटीनच्या साखळीतले कोन तपासणारा आलेख. प्रोटीनच्या रचनेचा कॉम्प्युटरवर अंदाज बांधणाऱ्या अल्फाफोल्डच्या निर्मात्यांना २०२४ चं नोबेल मिळालं तेव्हा वर्गात "आता क्रिस्टल कशाला?" अशी चर्चा झाली. तुम्ही वाद घातला नाहीत, त्याच्या मॉडेलमधले केशरी रंगाचे कमी भरवशाचे भाग तेवढे दाखवलेत.

मॉडेल बघण्याआधी पुरावा मागायची ही सवय मला कुठल्याच पेपरच्या अभ्यासक्रमात मिळाली नसती. इथून आग्रा रोडने गेलं की इंदूर, आणि तिथे इंडस-२ या तीव्र एक्स-रे देणाऱ्या सिंक्रोट्रॉन यंत्रावर प्रोटीन क्रिस्टलोग्राफीची बीमलाइन (ते एक्स-रे वापरून प्रयोग करायची जागा) आहे, हेही तुम्हीच सांगितलंत. तिथे प्रशिक्षणाला जाता येईल का, ते सरांकडे विचारून ठेवलंय.

सध्या थॉमॅटिन या दुसऱ्या प्रोटीनची प्लेट लावतोय. त्याला सोडियम-पोटॅशियम टार्ट्रेट लागतं. आपल्याकडच्या वायनरीत टाक्यांच्या तळाशी जे खडे बसतात, तेही टार्टरिक आम्लाचेच क्षार. दिवाळीत आलात की प्लेट बघायला या. पोलरायझर आणि सुई तयार ठेवते.

तुमची,
एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीची विद्यार्थिनी, नाशिक