अँटीबॉडी घटल्या म्हणजे लस वाया गेली असं नाही

संपादक, स.न.वि.वि.

मी सांगलीला एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, २२ वर्षं झाली. आठवड्यातून एकतरी माणूस रिपोर्ट हातात घेऊन काउंटरवर विचारतोच की मॅडम, अँटीबॉडी कमी आल्यात, म्हणजे लस वाया गेली का. कोविडपासून हे फार वाढलंय, कारण अँटीबॉडी घटल्या की त्याची मोठी हेडलाइन होते आणि त्यानंतर शरीरात काय शिल्लक राहतं ते कुठे छापून येत नाही. म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी माझ्या भाचीला नर्सिंगला ॲडमिशन मिळाली. कॉलेजने कावीळ बी ची टायटर टेस्ट (रक्तात अँटीबॉडी किती आहेत ते मोजायची) करायला सांगितली, तर रिपोर्ट आला ४, आणि पाहिजे १० च्या वर. लहानपणी तिन्ही डोस झालेले, वहिनीने कार्डसुद्धा जपून ठेवलंय. रात्री अकरा वाजता भावाचा फोन, ताई, पोरीला लस लागलीच नाही बघ, आता कसं करायचं. मी म्हटलं घाबरू नको, डॉक्टर एक डोस देतील तो घे आणि महिन्याने परत तपास. महिन्याने आकडा आला ६४० आणि भाऊ परत फोनवर, की मशीन बरोबर आहे ना तुझं! मशीन बरोबरच होतं. ज्याने आयुष्यात कधी ही लस घेतली नाही त्याचा आकडा एका डोसवर असा सहसा चढत नाही. पोरीच्या शरीराने तान्हेपणी जे शिकलं ते १८ वर्षं धरून ठेवलं होतं, फक्त आमच्या टेस्टला ते दिसत नव्हतं.

दिसत नाही ते का, ते सांगते. दंडात सुई टोचली की तिथल्या पेशी लशीतले तुकडे उचलून जवळच्या गाठीत, म्हणजे काखेतल्या वगैरे, घेऊन जातात (कोविडच्या लशीनंतर बऱ्याच जणांची काख दुखली, गाठ लागली, ती हीच). तिथे आपल्याकडे असलेल्या असंख्य बी पेशींपैकी (अँटीबॉडी याच बनवतात) ज्या थोड्याशा पेशींना तो तुकडा जुळतो त्यांना टी पेशी मदत करतात आणि त्या वाढायला लागतात, वाढताना थोड्या थोड्या बदलतात, आणि ज्या जास्त घट्ट जुळतात त्याच पुढे टिकतात. शेतकरी कणसं निवडून निवडून बियाणं धरतो, तसंच ते. हे काही आठवडे, कधी महिने चालतं. मग त्यातल्या काही पेशी हाडांच्या मगजात जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं अँटीबॉडी बनवत राहतात, आणि काही नुसत्या मेमरी पेशी म्हणून राहतात, त्या एरवी काहीच बनवत नाहीत, वाट बघतात. आपण रक्तात मोजतो ते उभं पीक. पीक काढल्यावर रान मोकळं दिसतं म्हणून कणगीतलं बियाणं संपलं असं कुणी म्हणतं का? पहिल्या वेळी अँटीबॉडी यायला दहा ते चौदा दिवस लागतात, मेमरी असेल तर चार-पाच दिवसांत चढायला लागतात आणि त्या जास्त चांगल्या प्रतीच्या असतात. माझ्या आईच्या दंडावर देवीच्या लशीचा व्रण आहे, त्या लशीच्या मेमरी पेशी ५० वर्षांनंतरही माणसांच्या रक्तात सापडल्यात, हे २००३ साली छापून आलेलं संशोधन आहे.

पण म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन चुकवू नका, कारण तिथे गणित वेगळं आहे, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कावीळ बी चा व्हायरस अंगात शिरल्यापासून आजार दिसेपर्यंत एक ते सहा महिने घेतो, तेवढ्यात मेमरी पेशी आरामात जाग्या होतात. धनुर्वातात जखमेतल्या जंतूचं विष थेट नसांवर जातं आणि ते इतकं थोडं पुरतं की शरीराला त्याची नीट ओळखच पटत नाही, धनुर्वात होऊन बरा झालेल्यालाही म्हणून लस घ्यावीच लागते. तिथे अँटीबॉडी आधीच रक्तात तयार पाहिजे, मेमरी जागी होईपर्यंत थांबायला वेळ नाही. म्हणून १० व्या आणि १६ व्या वर्षी टीडी (धनुर्वात आणि घटसर्पाची लस), आणि गरोदरपणात परत.

आणि गोवर. १८४६ साली डेन्मार्कच्या फेरो बेटांवर गोवर आला, ७,८०० च्या आसपास वस्ती, त्यातले ६,००० वर लोक आजारी पडले, पण १७८१ च्या साथीत गोवर झालेले जे म्हातारे होते त्यातल्या एकालाही परत झाला नाही, पानुम नावाच्या तरुण डॅनिश डॉक्टरने हे घरोघर फिरून लिहून ठेवलं. ६५ वर्षं आठवण! आणि हाच गोवर बाकीच्या रोगांची आठवण मात्र पुसतो, कारण त्याचा व्हायरस मेमरी पेशींमध्येच शिरतो. २०१९ साली छापून आलेल्या संशोधनात नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं गोवर व्हायच्या आधीचं आणि नंतरचं रक्त तपासलं तर त्यांच्या आधीच्या अँटीबॉडींपैकी ११ ते ७३ टक्के गेलेल्या होत्या. लशीने असं होत नाही. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीला गोवरची साथ आली, लहान लेकरं गेली, तेव्हासुद्धा आपल्याकडे पुरळाचीच चर्चा झाली, पुरळ गेल्यावर महिनोन् महिने त्या पोराला न्यूमोनिया, जुलाब का होत राहतात ते आईबापांना कुणी सांगितलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

आमच्या गल्लीतसुद्धा एमआर (गोवर-रुबेलाची लस) च्या दुसऱ्या डोसला "एकदा झालीय की" म्हणून नेत नाहीत. आईकडून आलेल्या अँटीबॉडी बाळाच्या अंगात असतात आणि त्या लशीच्या आड येतात, म्हणून नवव्या महिन्यात दिलेला डोस शंभरातल्या साधारण ८५ बाळांनाच लागतो. दुसरा डोस मुख्यतः उरलेल्या १५ साठी आहे, आणि आपलं बाळ त्या पंधरात आहे की नाही हे चेहऱ्यावरून कळत नाही.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या वेळी अँटीबॉडी घटल्याची बातमी छापाल तेव्हा त्याच बातमीत मेमरी पेशींचं काय झालं हेही एखाद्या डॉक्टरांना विचारून छापा, आणि जागा असेल तर एक छोटी चौकट टाका: एमआर पहिला डोस ९ ते १२ महिने, दुसरा १६ ते २४ महिने, राहिला असेल तर आशाताईंना विचारा.

आपली नेहमीची वाचक,
एक लॅब टेक्निशियन, सांगली