तारापूरची एक्स्पायरी डेट

प्रिय आई-बाबा,

आई, तुझा फॉरवर्ड रात्री वाचला, 'तारापूरची मुदत संपली, बोईसर सोडा' वाला, आणि खाली बाबांचा नुसता अंगठा, आता तो कशाला दिलाय देव जाणे.

अगं तारापूरच्या अणुवीज केंद्रातला रिअॅक्टर म्हणजे दुधाची पिशवी नाही. पहिली दोन युनिटं १९६९ ची आहेत हे खरंय, पण तेव्हापासून जे बदलता येतं ते बदलत आलेत, प्रत्येकाची क्षमता २१० मेगावॉटवरून १६० वर आणली, २००५-०६ ला काही महिने बंद ठेवून बरंच काम केलं, मग २०२० ला परत बंद केली ती रीसर्क्युलेशन पायपांसाठी, म्हणजे रिअॅक्टरमधलं पाणी फिरवत ठेवणारे पाईप. (३ आणि ४ नंबर वेगळ्या जातीचे, खूप नंतरचे, त्यांना यात ओढू नको.)

पायपांचं मला कळतं कारण रिफायनरीत मी तेच करतो, पायपांचे वेल्ड म्हणजे जोड तपासतो. वेल्डच्या अगदी कडेला आतून केसाएवढी चीर पडते, वेल्डिंगच्या उष्णतेने तिथलं स्टील आधीच बिघडलेलं, वर गरम पाणी, त्यातला ऑक्सिजन आणि ताण. बाहेरून हात फिरवलास तर गुळगुळीत. मग जेल लावून प्रोब फिरवायचा, तुझ्या पोटाची सोनोग्राफी केली होती ना तस्सं, आतून परत आलेल्या आवाजाचं स्क्रीनवर एक टोक वर येतं, ते वेल्डच्या मुळाचं की चिरेचं हे ओळखणं म्हणजे खरी कसोटी, मी दोनदा फसलोय. तारापूरला तर त्यात भर म्हणून रेडिएशन, छातीवर डोसमीटर, ठरलेला डोस झाला की काम अर्धवट टाकून बाहेर.

पाईप बदलतात गं. बदलत नाहीत ते मधलं जाड भांडं, प्रेशर व्हेसल. न्यूट्रॉनच्या माऱ्याने ते हळूहळू ठिसूळ होतं, म्हणून तसल्याच स्टीलचे तुकडे आत ठेवलेले असतात, अधूनमधून एक काढून तोडून बघतात.

म्हणून बाबा, 'पन्नास वर्षं काही झालं नाही' हे तुमचं मला पटत नाही, त्या तुकड्यांचा रिपोर्ट साध्या मराठीत ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लागला तर पटेल.

फ्लॅट मात्र विकायचा नाही. आणि त्या ब्रोकरचा परत फोन आला तर माझा नंबर दे, फॉरवर्ड आला की दुसऱ्याच दिवशी ह्याचा फोन कसा येतो ते विचारायचंय.

तुमचा,
बाळू