कास्तेलोरिझो एका दिवसात उरकू नका

महोदय,

सुट्ट्या जवळ आल्या की प्रवासाच्या पानांवर ग्रीस येते आणि त्यात सांतोरिनी, मिकोनोस असतातच. तुर्कीला जाणाऱ्यांना आता आणखी एक नाव सुचवले जाते, तुर्कीच्या किनाऱ्याजवळचे छोटे ग्रीक बेट कास्तेलोरिझो. काश या तुर्की गावातून सकाळी बोटीने निघायचे, बंदरावर जेवायचे, रंगीत घरांचे फोटो काढायचे आणि दुपारी परतायचे. असे गेलेल्या माणसाला हे बेट दिसतच नाही. जाणार असाल तर निदान दोन रात्री मुक्काम करा. त्यासाठी लागणारी माहिती कुठे एकत्र मिळत नाही, म्हणून हे पत्र.

बेट जेमतेम 9 चौरस किलोमीटरचे आणि वस्ती 500च्या आसपास. ऱ्होड्स हे मोठे ग्रीक बेट पश्चिमेला सुमारे सव्वाशे किलोमीटरवर आहे, तर तुर्कीचा किनारा अगदी जवळच्या टोकाला दोनेक किलोमीटरवर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच बेटावर आठ-दहा हजार लोक राहत होते. त्यांची स्वतःची शिडाची जहाजे होती आणि अनातोलियातले, म्हणजे समोरच्या तुर्की मुलखातले, लाकूड व कोळसा इजिप्तपर्यंत पोचवण्याचा त्यांचा व्यापार होता. ही माणसे गेली कुठे, हा प्रश्न मनात घेऊनच बेटावर उतरावे.

बंदरात पाण्याकडे तोंड करून उभी असलेली घरांची पहिली रांग रंगवलेली, नीटनेटकी आहे. तिच्या मागे चढावर गेलात की मोकळे चौथरे आणि अर्ध्या भिंती लागतात. पर्यटक त्यांना जुने अवशेष समजून पुढे जातात, पण ती विसाव्या शतकात उद्ध्वस्त झालेली घरे आहेत. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर 1915मध्ये, फ्रेंच आरमाराने बेट ताब्यात घेतले. जानेवारी 1917मध्ये समोरच्या किनाऱ्यावरून तुर्की तोफांनी बंदरात उभ्या असलेल्या ‘बेन-माय-क्री’ या ब्रिटिश विमानवाहू जहाजावर मारा केला. जहाजावरच्या विमानांच्या पेट्रोलने पेट घेतला आणि ते तिथेच बुडाले. धक्क्यावर उभे राहून समोरचे डोंगर पाहिले की तोफांना नेम धरणे किती सोपे गेले असेल ते कळते.

1921मध्ये बेट इटलीकडे गेले. समोरच्या किनाऱ्यावरचा व्यापार तुटला, 1926मध्ये भूकंप झाला आणि कुटुंबेच्या कुटुंबे ऑस्ट्रेलियाला, विशेषतः पर्थ आणि सिडनीला, निघून गेली. फेब्रुवारी 1941मध्ये सुमारे 200 ब्रिटिश कमांडो उतरले, पण कुमक वेळेवर न पोचल्याने काही दिवसांतच इटालियनांनी बेट परत घेतले. सप्टेंबर 1943मध्ये इटलीने शरणागती पत्करल्यावर ब्रिटिश पुन्हा आले आणि मग जर्मन विमानांचे बॉम्ब पडू लागले. उरलेल्या रहिवाशांना सायप्रसला आणि तिथून गाझातल्या नुसेरातच्या छावणीत नेण्यात आले. ते तिकडे असतानाच, जुलै 1944मध्ये, बेटावरच्या इंधनसाठ्याला लागलेली आग दारूगोळ्यापर्यंत पोचली आणि निम्म्याच्या आसपास गाव गेले. घरे त्याआधीच लुटली गेली होती, अशी परतलेल्या लोकांची तक्रार होती.

परतण्याची वाटही सुखरूप नव्हती. 29 सप्टेंबर 1945 रोजी पोर्ट सैदहून निघालेल्या ‘एम्पायर पॅट्रोल’ या जहाजावर सुमारे 500 बेटवासी होते. काही तासांत जहाजाला आग लागली आणि 33 जणांचा जीव गेला. लढाई संपली होती, गाव एका दिवसाच्या अंतरावर होते. हे ठाऊक असलेला माणूस त्या चौथऱ्यांवर चढून सेल्फी घेणार नाही, आणि घेऊही नये. मालक परदेशात असले तरी जागा कुणाच्या ना कुणाच्या मालकीची आहे.

आता जायचे कसे. मुंबईहून अथेन्स, तिथून ऱ्होड्स आणि पुढे विमान किंवा बोट. कास्तेलोरिझोची धावपट्टी सुमारे 800 मीटरची, त्यामुळे फक्त छोटी पंख्याची विमाने उतरतात. जागा थोड्या, सामानाची मर्यादा कडक, आणि आडवा वारा सुटला की उड्डाण रद्द. मोठ्या बोटीला ऱ्होड्सहून साडेतीन-चार तास लागतात आणि ती रोज नसते. हिवाळ्यात आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या मिळाल्या तरी पुष्कळ. जोराच्या वाऱ्यात बंदर अधिकारी बोटी थांबवतात, आणि वेगवान छोट्या बोटी मोठ्या बोटींच्या आधी थांबतात. म्हणून आधी बोटीचे वेळापत्रक पाहा आणि त्यावरून मुंबईचे तिकीट काढा. बेटावरून निघण्याचा दिवस आणि अथेन्सहून परतीचे विमान यांत किमान एक संपूर्ण दिवस मोकळा ठेवा. सगळ्यांत जास्त पैसे बुडतात ते हा दिवस न ठेवल्याने.

व्हिसाच्या बाबतीत काशहून येणाऱ्यांनी विशेष जपावे. काही ग्रीक बेटांवर उतरल्यावर व्हिसा देण्याची जी सोय आहे ती तुर्की नागरिकांसाठी आहे, भारतीय पासपोर्टवर ती मिळत नाही. शेंगेन व्हिसा, म्हणजे ग्रीससह बहुतेक युरोपीय देशांचा सामायिक व्हिसा, आधीच हातात हवा. उलट, ग्रीसमधून दुपारपुरते काशला जाऊन यायचे असेल तर शेंगेन व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा. एकाच प्रवेशाचा असेल तर काशच्या धक्क्यावरून परतीचा रस्ता बंद होतो आणि तुमचे सामान बेटावरच्या खोलीत राहते. तुर्कीचा व्हिसा वेगळा लागतो. बोटीचे तिकीट आदल्या दिवशीच, पासपोर्ट दाखवून काढा.

बेटावर झरा नाही, नदी नाही. पूर्वी लोक पावसाचे पाणी टाक्यांत साठवत, आता समुद्राचे पाणी गोडे करून वापरतात. प्यायला बाटलीबंद पाणी घ्या आणि अंघोळीला पाणी बेताने वापरा. रोख युरो ऱ्होड्सहूनच न्या, कारण एटीएम बंद पडले की दुसरा आधार नाही. रोजची औषधे परतीला उशीर होईल असे धरून चार दिवसांची जास्तीची ठेवा. प्राथमिक उपचार बेटावर मिळतात, पण गंभीर रुग्णाला ऱ्होड्सला हलवावे लागते.

गावापासून डोंगरावर जाणाऱ्या पांढऱ्या, नागमोडी पायऱ्या सुमारे 400 आहेत. वाटेत सावली अजिबात नाही. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत चढायला लागा आणि माणशी दीड लिटर पाणी घ्या. दगड गुळगुळीत झालेले आहेत, चपला नकोत. वरून संपूर्ण बंदर आणि तुर्कीचा किनारा एका नजरेत येतो. खाली किल्ल्याजवळ खडकात कोरलेली लिकियन, म्हणजे समोरच्या किनाऱ्यावरच्या प्राचीन लिकिया प्रदेशातल्या लोकांच्या पद्धतीची, कबर आहे, तीही पाहा. बंदराच्या तोंडाशी असलेल्या 1753च्या मशिदीत आता संग्रहालय आहे. तिथे जाण्याची वेळ सकाळची ठेवा आणि सुट्टीचा वार आधी विचारा.

बेटाच्या किनाऱ्यावर समुद्रात उघडणारी ‘निळी गुहा’ आहे; तिचे तोंड पाण्यावर जेमतेम मीटरभर उघडे असते. होडीत सपाट झोपूनच आत शिरावे लागते, आणि समुद्र थोडा जरी हलत असला तरी नावाडी नकार देतो. त्याच्याशी हुज्जत घालू नका. निळा रंग सकाळच्या उन्हातच खुलतो. वाळूचा किनारा बेटावर नाही, लोक धक्क्यावरच्या शिडीने पाण्यात उतरतात. बंदरात मोठी समुद्री कासवे येतात. त्यांना खायला घालू नका, कारण त्यामुळे ती माणसांच्या जवळ येतात आणि पोहणाऱ्यांना चावतात.

शाकाहारी लोकांचे अडत नाही. टोमॅटोत भाजलेले मोठे पांढरे वाल, चण्याचे वडे, भात भरलेली द्राक्षाची पाने मिळतात. द्राक्षपानांत खिमा नाही ना, हे मात्र विचारून घ्या. ग्रीक उपवासाला ऑक्टोपस आणि शिंपले चालतात, तेव्हा ‘उपवासाचे’ म्हणून काही मागवू नका.

जायला मे, जून किंवा सप्टेंबर उत्तम. ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियातली कुटुंबे आपापल्या घरी येतात, तेव्हा खोल्या महिनोन्‌महिने आधी भरलेल्या असतात. बेटावर ग्रीक सैन्य आहे. त्यांच्या ठाण्यांचे फोटो काढायला बंदी आहे, आणि ड्रोन मुंबईतच ठेवून जावा.

प्रवासाच्या पानांवर या बेटाविषयी पुढे कधी लिहिले गेले, तर व्हिसाच्या चौकटीशेजारी 1943 ते 1945च्या हकिगतीलाही जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक