‘किफे’ आणि ‘कैफ’: सख्खे नव्हे, चुलत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील एका चौकटीत, फ्रेंच तरुणांच्या तोंडचा ‘किफे’ हा शब्द आपल्या ‘कैफ’वरून तिकडे गेला, असे छापले आहे. किफे म्हणजे मनापासून आवडणे. नाते खरे आहे, पण ते चुलत आहे. दोघांचा आजा अरबी ‘कैफ’, म्हणजे मनाची स्थिती, खुशी.

पुरावा स्वरातच आहे. अरबीतला ‘ऐ’ फारसी-दखनीच्या वाटेने मराठीत आला तो शाबूत राहिला: खैर, ऐश, कैफ. उत्तर आफ्रिकेच्या बोलींत त्याचा बहुधा ‘ई’ होतो. ‘बैत’चे ‘बीत’, तेलाला ‘जैत’ऐवजी ‘जीत’, आणि मोरोक्कोत सकाळचा ‘सबाह अल-खैर’ ऐकू येतो ‘स्बाह ल-खीर’ असा. म्हणून तिथे ‘कीफ’. फ्रेंचांनी शब्द आपल्याकडून उचलला असता तर त्यात ‘ऐ’चा माग कुठेतरी उरलाच असता.

१८३० मध्ये फ्रेंच फौजा अल्जीरियात उतरल्या. तिकडे बारीक चिरून तंबाखूत मिसळलेल्या आणि लांब दांडीच्या चिलमीतून ओढायच्या गांजाला ‘कीफ’ म्हणत, त्यातून मिळणाऱ्या सुखालाही. पुढे स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांनी शहरांच्या उपनगरांत त्याला फ्रेंच क्रियापदाचा ‘ए’ प्रत्यय जोडला. आता तो नियमित चालतो: मी ‘ज कीफ’, आम्ही ‘नू किफों’. नशा गळून पडली. गाणे, बूट, माणूस, काहीही ‘किफे’ करता येते.

मराठीत मात्र नशाच टिकली. ‘सत्तेचा कैफ’ चढतो, तो कौतुकाचा नसतो. त्याच मुळाचा ‘कैफियत’ तर आपल्या मराठवाड्यात कागदोपत्री वावरला: उर्दू नोंदवह्यांत शेऱ्याच्या रकान्याचे नाव ‘कैफियत’, म्हणजे मूळ अर्थाला धरून, वस्तुस्थिती. मराठीत ती ‘मांडायची’ गोष्ट झाली आणि तिला तक्रारीचा सूर चिकटला.

चौकटीतली दुसरी गल्लत ‘कीफ-कीफ’ची. ‘दोन्ही सारखेच’ या अर्थाचा हा फ्रेंच शब्द ‘किफे’ची द्विरुक्ती नव्हे. तो अरबी ‘कैफ’च्याच ‘कसा’ या अर्थातून आला. उत्तर आफ्रिकेत त्या ‘कसा’चा ‘-सारखा’ झाला आणि एकोणिसाव्या शतकात तिथे लढणाऱ्या सैनिकांबरोबर तो फ्रान्सला पोचला. दुरुस्ती छापताना हे दोन शब्द वेगळे दाखवावेत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, परभणी