गिझर घेताना पाटीवरचे वॅट वाचा

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

थंडी पडली की सांगली-साताऱ्यात गिझरची खरेदी सुरू होते आणि लोक दुकानात एकच विचारतात, किती लिटरचा आहे. म्हणून हे पत्र.

मी एका डेअरीत बॉयलर अटेंडंट होतो, आता रिटायर झालोय. आमच्या बॉयलरवर लिहिलेलं तासाला 1 टन वाफ, पण तो टन 100 डिग्रीच्या पाण्याची 100 डिग्रीलाच वाफ करायची या हिशोबातला, आम्ही टाकीतलं 30 डिग्रीचं पाणी सोडायचो आणि 10 किलो प्रेशरची वाफ काढायचो, मग तासाला मिळायची साडेआठशे किलोच्या आसपास. बॉयलरमध्ये काही खराबी नाही, पाणीच गार.

गिझरचं पण हेच आहे. साताऱ्याला माझ्या मुलानं मे महिन्यात 3 किलोवॅटचा इन्स्टंट गिझर (पाणी न साठवता वाहतं पाणी तापवणारा) बसवला, तेव्हा घराच्या टाकीतलं पाणी 27 डिग्री होतं, अंघोळीला 42 धरा, 18 लिटरची बादली सहा-साडेसहा मिनिटात भरायची, सगळे खूश. डिसेंबरात सकाळी मी स्वतः थर्मामीटर बुडवून बघितला तर पाणी 17 डिग्री! तीच बादली भरायला साडेदहा मिनिटं, घरात माणसं पाच, पोरांची शाळेची घाई, नळ जरा जास्त सोडला की पाणी कोमट. सूनबाई म्हणाली गिझर बिघडला. बिघडला नव्हता हो, 3 किलोवॅटमध्ये तेवढंच होतं.

हिशोब सोपा आहे, लिटर गुणिले किती डिग्री वाढवायचं, भागिले 860, एवढे युनिट लागतात. पाणी साठवणाऱ्या 25 लिटरच्या गिझरचं पाणी 17 वरून 60 वर न्यायला सव्वा युनिट, म्हणजे 2000 वॅटची कॉइल असेल तर 37-38 मिनिटं. त्यात गार पाणी मिसळून दोन बादल्या होतात, वर थोडं उरतं. तिसऱ्याला थांबावं लागणार, हे घेतानाच कळायला पाहिजे. आणि 3 किलोवॅट म्हणजे 13 अँपिअर, तो 6 अँपिअरच्या पॉइंटवर अजिबात लावू नका, वायर तापते, कृपा करून 16 चा पॉइंट काढून घ्या.

दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे, लिटरच्या शेजारी थंडीतली एक बादली किती मिनिटात भरते ते पण लिहून चिकटवा.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली