लिथियम बॅटरी घेण्याआधी मीटर लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्वाल्हेरात बाड्यापासून मुरारपर्यंत सध्या मोटारसायकलला हलकी लिथियम बॅटरी बसवून घेण्याची टूम निघाली आहे. बॅटरी वाईट नाही, ती विकण्याची पद्धत वाईट आहे. गिऱ्हाईक बॅटरीच्या डब्याचे माप सांगते, दुकानदार त्या मापाची बॅटरी काढून देतो, आणि गाडी किती व्होल्टने चार्ज करते ते कोणीच बघत नाही.

आधी तेच बघावे. इंजिन गरम झाले की मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून थेट बॅटरीच्या टर्मिनलला लावा आणि रेस देऊन इंजिन चार-पाच हजार आरपीएमवर धरा. आकडा १३.८ ते १४.४ मध्ये असेल तर पुढचे बोलणे. १४.६ च्या वर चढत असेल तर आधी रेग्युलेटर-रेक्टिफायर (चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा भाग) बदलायचा, बॅटरीचे मग बघू. लेड-अ‍ॅसिड (नेहमीची शिशाची) बॅटरी १५ व्होल्टही काही दिवस सोसते, पाणी आटते एवढेच. लिथियमच्या सेल फुगतात. उलट आकडा १३.६ च्या खालीच घोटाळत असेल तर ती कधी पुरती भरणार नाही.

दुसरा प्रश्न आत काय आहे याचा. मोटारसायकलला चालते ती लिथियम आयर्न फॉस्फेट: ३.२ व्होल्टच्या चार सेल ओळीने, म्हणजे १२.८ व्होल्ट. ई-रिक्षाचे पॅक बांधणारे काही कारागीर लॅपटॉपच्या जातीच्या तीन सेल जोडून ‘बारा व्होल्ट’ म्हणून देतात. त्या सेलची मर्यादा ४.२ व्होल्ट. गाडीच्या १४.४ व्होल्टचे तीन वाटे केले की प्रत्येकीवर ४.८ येतात. हा पॅक सीटखाली ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण. फॉस्फेटच्या चार सेल असल्या तरी पूर्ण निभाव नाही. बाजारात सहज मिळणाऱ्या जाड नळकांडी सेल ६ एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे साठवणक्षमता) असतात आणि बहुतेक १८-२० अँपिअर सतत देण्यापुरत्या. ३५० सीसीचा स्टार्टर क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढतो. बीएमएस (बॅटरीतले संरक्षक सर्किट) कट मारते, गाडी मुकी होते. म्हणून एएच विचारण्याआधी क्रँकिंगचे, म्हणजे स्टार्टर फिरवताना देता येणारे, अँपिअर विचारा. छापलेले नसतील तर ती बॅटरी तिथेच ठेवा.

एएचचा आकडाही फसवा असतो. खोक्यावर मोठ्या अक्षरात १२ एएच दिसते, ते लेड-अ‍ॅसिडच्या तुलनेतले. खरा आकडा कोपऱ्यात वॉट-अवरमध्ये असतो. तो ४८ असेल तर १२.८ व्होल्टने भागले की ३.७५ एएच निघतात. स्टार्टरला तेवढे पुरतात, पण गाडीला अलार्म किंवा जीपीएस असेल तर नाही. ऋण वायर काढून, चावी बंद ठेवून, वायर आणि टर्मिनल यांच्या मध्ये मीटर लावा (सुरुवात १० अँपिअरच्या सॉकेटने, आणि मीटर मध्ये असताना स्टार्टर मारायचा नाही, फ्यूज उडतो). २० मिलिअँपिअर गळत असतील तर दिवसाला जवळजवळ अर्धा एएच गेला. आठ दिवस गावाला गेलात की बॅटरी तळाला. लिथियम एकदा पार उतरली की बहुधा पूर्वीसारखी होत नाही. आणखी एक: न चालवता १२.८ व्होल्ट दाखवणारी लेड-अ‍ॅसिड भरलेली समजतात, लिथियम तोच आकडा दाखवू लागली तर ती रिकामी होत आलेली असते. भरलेली असेल तर १३.३ च्या आसपास दिसते.

आपल्याकडच्या जानेवारीत सकाळी स्टार्टर नुसता ‘टक्’ करतो आणि लोक बॅटरी परत करायला निघतात. थंडीत ही बॅटरी आखडते, मेलेली नसते. एप्रिल २०१७ नंतरच्या बहुतेक गाड्यांचा हेडलाइट इंजिन लागल्यावरच पेटतो, त्यामुळे चावी फिरवून ब्रेक दाबून धरा आणि इंडिकेटर लावा. मिनिटभर करंट वाहिला की आतून ऊब येते, दुसऱ्या-तिसऱ्या बटणाला गाडी उठते. मेमध्ये भीती उलटी. डबा सायलेन्सरला किंवा सिलिंडरला चिकटून असेल तर हलकी बॅटरी घेऊच नये.

बसवताना काळी वायर आधी काढायची आणि शेवटी लावायची. धन-ऋण टर्मिनल जुन्याच बाजूंना आहेत ना, ते पैसे देण्याआधी पडताळा. वायर ओढूनताणून लावली की फ्रेमला घासते. नवी बॅटरी डब्यात लहान पडते, फोमचे तुकडे घट्ट भरा. नट पान्याने पिळू नका, आतली पितळी बुशी सैल होते. आणि डिसल्फेशनचा (शिशाची जुनी बॅटरी झटक्यांनी जागी करणारा) चार्जर या बॅटरीला कधीही लावायचा नाही, तो १५ व्होल्टच्या वरचे झटके देतो.

पैशांचे म्हणाल तर किंमत तिप्पट-चौपट. ऑफिसला जाण्याच्या १०० सीसीच्या गाडीवर किलोभर वजन वाचवून काय साधणार, हे आम्हाला तरी कळलेले नाही. नऊ-चौदा एएचची जड बॅटरी आणि रेसिंगची किंवा लांबच्या प्रवासाची गाडी असेल तर दोन-तीन किलो हातात जाणवतात, तिथे खर्च पटतो.

जुनी बॅटरी भंगारवाल्याकडे टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत ती अधिकृत मार्गानेच परत करायची आहे. शिशाला भाव आहे, दुकानदार बिलातून रक्कम वजा करतो, ती मागून घ्या. लिथियमला तसा भाव मिळत नाही, तरी फुगलेली बॅटरी घरात ठेवू नये. टर्मिनलवर चिकटपट्टी लावून दुकानात द्यावी.

आपले,
दुचाकींच्या वायरिंगचे काम करणारे काही वाचक,
लष्कर, ग्वाल्हेर